पंच्याऐंशी हजारांचं सर्टिफिकेट आणि एक चालणारी वेबसाईट

मागच्या रमजान ईदला मी मिरजेला घरी गेलो होतो. नमाज झाली, शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या आणि दुपारी माझ्या फुफीचा मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक सर्टिफिकेट होतं, 'फुल स्टॅक वेब डेव्हलपर'. सोनेरी किनार, खाली दोन सह्या, कोपऱ्यात शिक्का. सहा महिन्यांचा कोर्स, फी ८५ हजार रुपये, जाहिरातीत '१०० टक्के नोकरीची हमी'. फुफाजींचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. एवढी रक्कम गल्ल्यात कधी नसते. फुफीने भिशी उचलून फी भरली होती आणि तिचे हप्ते अजून चालू होते.

कोर्स संपून आठ महिने झाले होते. दीडशेच्या वर अर्ज पाठवून झाले होते. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि दोन्हीकडे पहिल्याच फेरीत परत पाठवलं. आता त्याच क्लासमधून फोन आला होता. आणखी २५ हजार भरले तर दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र मिळेल, पगाराच्या पावत्या मिळतील, मुलाखतीची तयारीही करून देऊ. "भाई, क्या करूं? सब लोग ऐसाच करते बोलते."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. कधी मिरजेतून, कधी परभणीतून, कधी मालेगावातून. विचारणारा बदलतो, रक्कम बदलते, गोष्ट तीच असते. म्हणून त्या दिवशी गच्चीवर जे बोललो ते इथे नीट लिहून काढतो आहे.

खोट्या अनुभवाचा हिशोब

आधी त्या २५ हजारांबद्दल. माझं उत्तर 'नाही' होतं, आणि ते केवळ नीतीचं नव्हतं.

आज बरीचशी मोठी आणि मध्यम कंपनी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासते. त्यासाठी वेगळ्या एजन्सी असतात. त्या तुमच्याकडे भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर मागतात. त्या नंबरवर तुम्ही कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता आणि दर महिन्याला किती रक्कम जमा झाली, हे सगळं दिसतं. पगाराची पावती छापता येते, पण दोन वर्षांपूर्वीपासून दर महिन्याला जमा झालेला पीएफ मागे जाऊन भरता येत नाही. मग बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६. काही वेळा ही तपासणी नोकरीवर रुजू झाल्यानंतर पूर्ण होते. तेव्हा पकडला गेलेला मुलगा तीन महिन्यांनी बाहेर पडतो, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरत नाही.

समजा, पकडला गेला नाही. तर दोन वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसेल आणि त्याला दोन वर्षं अनुभव असलेल्या माणसाचं काम मिळेल. पहिल्या आठवड्यात कोणीतरी म्हणेल, या पानाला उघडायला नऊ सेकंद लागतात, का ते बघ. तेव्हा पत्र कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कडू आहे. आपल्या नावाच्या एकाने असं काही केलं की त्याचा हिशोब त्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडला जात नाही. हे अन्यायाचंच आहे. पण आहे.

८५ हजारांत काय विकत घेतलं?

मी त्याला विचारलं, "कोर्समध्ये काय बनवलंस?" त्याने लॅपटॉप उघडून एका शॉपिंग साईटची नक्कल दाखवली. बॅचमधल्या तीसही मुलांनी तीच बनवली होती, सरांनी पडद्यावर टाईप केलेलं बघून. मी म्हटलं, "हे बटण डावीकडे घे." त्याला दहा मिनिटांत ते जमलं नाही. पोरगा हुशार आहे. बारावीला गणितात चांगले मार्क होते. त्याला कोणी बटण हलवायला लावलंच नव्हतं.

मिरजेच्या वाचकांना मी पुढे काय म्हणणार ते कळेल. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली लांब नाही. शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून सतारी बनवायला घेतल्या त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारखान्यांत नवा मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात आधी भोपळा येतो, लाकूड येतं, पॉलिश येतं. जवारी काढण्याचं काम त्याच्या हाती सगळ्यात शेवटी पडतं, कारण सूर त्यावर ठरतो. तिथे कोणी सहा महिन्यांत 'फुल स्टॅक सतारमेकर' होत नाही. कोणी त्याला सर्टिफिकेटही मागत नाही, वाजवून बघतात.

आमचं कामही हातानेच शिकायचं आहे. फरक एवढाच की त्याची सामग्री फुकट आहे.

हे 'फुकट' मी सहज म्हणत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र कोणीही, कुठलंही शुल्क न देता वापरावं. ती परवानगी आजही लागू आहे. वेबसाईट बनवायला कोणाचा परवाना लागत नाही, कुठल्या संघटनेचं सदस्यत्व लागत नाही. ज्या समाजात दुकान काढायलाही ओळख लागते, त्यातल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

काय शिकायचं, कुठल्या क्रमाने

वेबचं पान तीन गोष्टींनी बनतं. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फॉर्म. सीएसएस म्हणजे त्याचं रूप: रंग, अंतर, मोबाईलवर कसं दिसेल. जावास्क्रिप्ट म्हणजे त्याची हालचाल: बटण दाबल्यावर काय होईल. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत तयार केली. तिच्यात आजही ज्या विचित्र गोष्टी सापडतात त्याचं एक कारण ती घाई आहे. तुम्हाला ती विचित्र वाटली तर चूक तुमची नाही.

बहुतेक क्लास जावास्क्रिप्टला पंधरा दिवस देतात आणि लगेच रिॲक्टवर उडी मारतात, कारण नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट लिहिलेलं असतं. रिॲक्ट हे २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलेलं एक साधन आहे. उद्या दुसरं येईल. खालची भाषा पक्की असेल तर नवं साधन महिन्याभरात हाताला लागतं. ती कच्ची असेल तर प्रत्येक साधन पहिल्यापासून शिकावं लागतं.

मी सांगतो तो क्रम असा. पहिले दोन महिने एचटीएमएल आणि सीएसएस, रोज एक छोटं पान. पुढचे तीन-चार महिने फक्त जावास्क्रिप्ट. त्यासोबतच गिट शिकायचं. लिनक्स बनवणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये ते बनवलं. आपण कोडमध्ये कधी, काय आणि का बदललं याची ती वही आहे, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून लागते. त्यानंतर सर्व्हरची बाजू: नोड, पीएचपी किंवा पायथन यांपैकी एकच, आणि एसक्यूएल. डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा हे ज्याला येतं तो मुलगा उपाशी राहत नाही. सगळ्यात शेवटी रिॲक्ट.

हे शिकवणाऱ्या चांगल्या जागा फुकट आहेत. एमडीएन हा वेबचा सगळ्यात भरवशाचा संदर्भ आहे. फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून चालू आहे, धडा वाचायचा आणि तिथेच कोड लिहायचा. ओडिन प्रोजेक्ट तुम्हाला स्वतः अडखळायला लावतो, म्हणून मला तो जास्त आवडतो. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्स घरबसल्या बघता येतो. आपल्याकडचं स्वयम् पोर्टल आहे, एनपीटीईएलची व्याख्यानं आहेत. रोज दोन तास खरोखर हात चालवला तर साधारण वर्षभरात माणूस छोटं काम स्वतः करू लागतो, असा माझ्या पाहण्यातला अनुभव आहे. तीन महिन्यांत म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पैसे खर्च करायचेच असतील तर कीबोर्डवर करा. मोबाईलवर व्हिडिओ बघता येतात, पण हा धंदा मोबाईलवर शिकता येत नाही. आठ जीबी रॅमचा जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप कोर्सच्या फीच्या चौथ्या हिश्श्यात येतो.

मुलाखतीत मला काय विचारलं होतं

माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि ती उपयोगी नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या मुलांना घेताना डिग्री आणि ६० टक्क्यांची अट असते. तिथे दार उघडायला डिग्रीच लागते. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तोही रस्ता चांगला आहे आणि तुलनेने स्वस्त. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना छोट्या कंपन्या आणि एजन्सी घेतात, पण तिथे काम दाखवावं लागतं.

मला पहिली नोकरी मात्र डिग्रीने मिळाली नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी मी पुस्तकांच्या नोंदीचं पान बनवलं होतं. पुस्तक कोणी नेलं, कधी परत येणार, एवढंच. पीएचपी आणि मायएसक्यूएल. पहिल्याच दिवशी मराठीत भरलेलं प्रत्येक नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन परत आलं. चार रात्री गेल्या. शेवटी कळलं की त्या काळच्या मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस बनवला की अक्षरसंच आपोआप लॅटिन धरला जायचा. देवनागरीला त्यात जागाच नव्हती. युनिकोड सांगितल्यावर अक्षरं उमटली. पुढे २०१८ मध्ये त्यांच्या ८.० आवृत्तीत ही गोष्ट मुळातच बदलली, पण तोवर माझ्यासारख्या कितीजणांच्या रात्री गेल्या असतील.

मग दुसरी अडचण. एकच मुलगा एकदा 'शेख' म्हणून नोंदला जायचा, एकदा 'शैख' म्हणून. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद, चारही एकाच गल्लीत. नाव शोधलं की अर्धी पुस्तकं गायब. तेव्हा मी नावाऐवजी प्रत्येकाला क्रमांक दिला. आणि आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवला होता तो काढला, कारण दोन आजोबांनी विचारलं, "हमारा तो एकच नाम है, इसमें क्या लिखना?"

दीड वर्षाने पुण्यात मुलाखत झाली. समोरच्या माणसाने माझ्या मार्कांकडे पाहिलं नाही. "स्वतः काय बनवलंय?" म्हणून विचारलं. मी ही प्रश्नचिन्हांची आणि चार मोहम्मदांची गोष्ट सांगितली. तो वीस मिनिटं प्रश्न विचारत राहिला. मी कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल वीस मिनिटं बोलू शकलो नसतो, कारण तो सगळ्यांनी मिळून विकत आणला होता.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिली वेबसाईट एखाद्या खऱ्या माणसासाठी बनवा. शॉपिंग साईटची नक्कल नको. शादीखान्याच्या बुकिंगची वही, मामूच्या गॅरेजमधल्या गाड्यांची नोंद, फुफीची भिशी. खरा माणूस तक्रार करतो. त्याच्या स्वस्त मोबाईलवर पान फुटतं, तो तारीख उलटी लिहितो, तो बटण दोनदा दाबतो आणि दोन नोंदी होतात. या तक्रारींमधून जे शिकाल ते कुठल्याही कोर्समध्ये नाही.

इंग्रजीची भीती

घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी. ही तीन पायऱ्यांची कसरत आपल्यापैकी बहुतेकांची आहे. पण बोलण्याची इंग्रजी आणि वाचण्याची इंग्रजी वेगळी. आपल्याला सुरुवातीला वाचण्याचीच लागते, आणि तिचे शब्द मोजके आहेत. चुकीचा संदेश आला की घाबरून पान बंद करू नका. तो मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा त्यात ओळीचा क्रमांकही दिलेला असतो.

मग बनवलेल्या प्रत्येक कामासोबत दहा साध्या इंग्रजी ओळी लिहा: हे काय आहे, कोणासाठी आहे, कसं चालवायचं. आणि त्याआधी तेच काम आपल्या भाषेत बहिणीला किंवा अब्बांना समजावून सांगा. ज्याला दखनीत सांगता येत नाही त्याला इंग्रजीतही सांगता येणार नाही. मुलाखतीत अडखळणारी बरीच मुलं भाषेत अडखळत नसतात, त्यांना मुद्दाच माहीत नसतो. आणि ज्याला मुद्दा माहीत असतो त्याचं तुटकं इंग्रजी ऐकून घेणारे लोक या क्षेत्रात बरेच आहेत.

नावाचा प्रश्न

आता जे सगळे दबक्या आवाजात विचारतात ते. "अपना नाम देख के बुलाते क्या?"

खोटं सांगणार नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला आपला समाज आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के होता. खाजगी क्षेत्राबद्दल सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ चा अभ्यास आहे. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लीम नावाला बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. मलाही पुण्यात पहिली खोली मिळायला दोन महिने लागले. फोनवर भाडं ठरायचं, नाव सांगितलं की खोली आधीच गेलेली असायची. तेव्हा हा प्रश्न मनाचा खेळ नाही.

पण त्यातून 'मग शिकून काय उपयोग' हा निष्कर्ष निघत नाही. उलट निघतो. जिथे नाव अडवतं तिथे नावाआधी काम पोहोचवावं लागतं. गिटहबवर ठेवलेलं काम, चालू असलेली वेबसाईट, खुल्या प्रकल्पात केलेली छोटी दुरुस्ती. हे बघणारा आधी कोड वाचतो.

आणि दुसरं म्हणजे ओळख. या क्षेत्रात कितीतरी जागा 'रेफरल'ने भरतात. आतला माणूस सांगतो की या मुलाला एकदा भेटा. आपल्या मुलांचे अर्ज ढिगात राहतात त्याचं एक साधं कारण म्हणजे आतून सांगणारा कोणी नसतो. माझा पहिला रेफरल एका वारकरी घरातल्या वर्गमित्राने दिला. आम्ही चार वर्षं एका बाकावर बसलो होतो, त्याने माझं काम पाहिलं होतं, एवढंच कारण. मोहल्ल्याबाहेरची मैत्री हा आपल्याकडे भाषणाचा विषय असतो. मला तिने नोकरी मिळवून दिली. म्हणून कॉलेजात आपल्याच चौघांचा घोळका करून बसू नका. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरातही प्रोग्रामर लोकांच्या भेटी होतात, तिथे जा, मागच्या खुर्चीवर बसा, पण जा.

बहिणीचा लॅपटॉप

गेल्या काही वर्षांत मी एक नवं वाक्य ऐकतो आहे: "लडकियों के लिए अच्छा है, घर बैठे काम." ज्या घरात मुलीला कॉलेजला पाठवायलाच नकार होता तिथे या वाक्याने दार किलकिलं झालं असेल तर मला आनंदच आहे. पण नव्या माणसाचं पहिलं वर्ष जुन्या माणसाच्या शेजारी बसून शिकण्याचं असतं. तो स्क्रीनकडे बघून म्हणतो, "हे असं नको करू," आणि तुमचा एक दिवस वाचतो. शिवाय बऱ्याच कंपन्यांनी लोकांना पुन्हा ऑफिसात बोलावलं आहे. जी मुलगी फक्त घरूनच काम करणार असं आधीच ठरलेलं आहे, तिच्यासाठी अर्ध्या जागा अर्ज करण्याआधीच बंद होतात.

आणि घरातला एकुलता एक लॅपटॉप कोणाच्या टेबलावर असतो? माझ्या फुफीच्या घरात तो मुलाच्या टेबलावर आहे. त्याची धाकटी बहीण डिप्लोमाला आहे आणि रात्री अकरानंतर, तो झोपला की वापरते. मी दोघांसमोर विचारलं तेव्हा कोणालाच उत्तर देता आलं नाही. आता त्यांनी वेळ वाटून घेतला आहे.

एआय आल्यावर

"सगळं एआयच लिहिणार असेल तर आता शिकून काय?" हा यंदाचा प्रश्न. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण नव्या मुलांसाठी दार पूर्वीपेक्षा अरुंद झालं आहे हे खरं. मी माझ्या कामात ही साधनं रोज वापरतो. पंधरा मिनिटांत ती जे लिहितात त्याला पूर्वी नव्या मुलाला दोन दिवस लागायचे.

पण ती चुकतात, आणि आत्मविश्वासाने चुकतात. कोणाचे पैसे दोनदा कापले गेले तर फोन माणसालाच येतो. तेव्हा लिहिलेला कोड वाचून 'इथे चूक आहे' म्हणणारा माणूस लागतो. तो वाचायला शिकण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही, आधी हाताने लिहावंच लागतं. म्हणून पहिलं वर्ष एआयला उत्तर मागू नका, समजावून सांगायला सांगा. आणि स्वतःची परीक्षा अशी घ्या: जे बनवलं ते पुसून टाका, दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहा.

पगाराबद्दलही स्वच्छ बोलू. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या मुलांचा पगार गेली कितीतरी वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून आहे. छोट्या शहरातली एजन्सी महिन्याला दहा-पंधरा हजारांवर सुरुवात करते. पहिल्या दोन वर्षांत श्रीमंत होणार नाही, शिकाल. फक्त दोन गोष्टी करू नका. नोकरीसाठी कोणाला पैसे देऊ नका. आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्या कपाटात ठेवू नका, बाँड कितीही वर्षांचा असो.

आपण, जे आत आहोत

शेवटचं माझ्या वयाच्या लोकांसाठी. दरवर्षी निकाल लागले की आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं, बिर्याणी. मीही दोनदा पाहुणा म्हणून गेलो, भाषण ठोकलं आणि पुण्याला परतलो. त्या मुलांपैकी एकाचंही नाव मला आज आठवत नाही. एका कार्यक्रमाच्या खर्चात अभ्यासिकेत तीन-चार जुने कॉम्प्युटर आणि वर्षभराचं इंटरनेट येतं. आणि आपल्याला ट्रॉफीपेक्षा जास्त देता येतं: आठवड्याला एक तास. एका मुलाचा किंवा मुलीचा कोड वाचायचा, चूक दाखवायची, आणि काम खरंच चांगलं झालं की आपल्या कंपनीत नाव पुढे करायचं. आपला आहे म्हणून नव्हे, त्याचं काम आपण पाहिलं आहे म्हणून.

फुफीच्या मुलाने ते २५ हजार भरले नाहीत. गेले काही महिने आम्ही दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसतो. अनेकदा त्याची बहीणही बसते. तो सध्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यासाठी ऑर्डरींचं पान बनवतो आहे. कोणाची सतार कुठल्या टप्प्यावर आहे हे मराठीत आणि इंग्रजीत दिसेल असं. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की देण्याची तारीख छापू नकोस, लाकूड वाळल्याशिवाय आम्हालाच ती माहीत नसते. त्या एका वाक्यामुळे त्याला अर्धा डेटाबेस पुन्हा रचावा लागला.

नोकरी अजून लागलेली नाही. भिशीचे चार हप्ते बाकी आहेत. पण मागच्या रविवारी मी म्हटलं, "हे बटण डावीकडे घे," तर त्याने आधी विचारलं, "मोबाईलवर पण का?"